रिकामा रकाना

दहावी १९९८ च्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "तू सध्या काय करतेस ते वीस मिनिटांत सांग, पण आम्हाला कळेल असं सांग." पहिली अट सोपी आहे. दुसरीसाठी मी गेले तीन आठवडे ठाण्याहून डोंबिवलीला परतताना गाडीत मनातल्या मनात भाषण करतेय, आणि दिवा येईपर्यंत माझं मलाच कळेनासं होतं. तरी प्रयत्न करते. कंटाळा आला तर मागच्या बाकावरच्यांनी पूर्वीसारखी चुळबुळ सुरू करावी, मला सवय आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. २००४ ला बीई झाले. पण गेली काही वर्षं माझं मुख्य काम प्रोग्राम लिहिणं हे नाही. दुसऱ्यांनी आणि मी मिळून बनवलेलं एक टूल कसं वापरायचं, हे लिहून ठेवणं हे माझं काम आहे. शुद्ध मराठीत दस्तऐवजीकरण. ऑफिसात आम्ही नुसतं 'डॉक' म्हणतो. मिक्सर घेतल्यावर खोक्यातून जी पुस्तिका निघते, जी आपण न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतो, ती कुणीतरी लिहिलेली असते ना? ती लिहिणारी मी. आता गंमत अशी झाली आहे, की माझी पुस्तिका पहिल्यांदाच कुणीतरी अथपासून इतिपर्यंत वाचतंय, आणि ते कुणीतरी माणूस नाही.

आधी टूल काय करतं ते सांगते. तुम्ही मोबाइलवर एखादी वस्तू शोधता तेव्हा वेगवेगळ्या दुकानांतली ती वस्तू, तिचा फोटो, किंमत, शिल्लक आहे की नाही, हे सगळं एकाखाली एक दिसतं. ते दुकानदारानं एका ठरावीक तक्त्यात भरून दिलेलं असतं. एका ओळीत एक वस्तू आणि प्रत्येक गोष्टीला एक रकाना. या तक्त्याला 'प्रॉडक्ट फीड' म्हणतात. कल्पना जुनी आहे. गूगलनं २००२ च्या डिसेंबरात 'फ्रूगल' नावाची खरेदी-शोधाची सेवा सुरू केली, तेव्हापासून विक्रेते असे तक्ते पाठवतात. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि ते नाव ऐकून आम्ही हसलो होतो. आज गूगलच्या नियमांत वस्तूच्या नावाला जास्तीत जास्त १५० अक्षरं आणि वर्णनाला ५,००० अक्षरं मिळतात. किंमत आकड्यात द्यायची आणि पुढे चलनाचं चिन्हाक्षर, रुपयासाठी 'आयएनआर'. आपल्याकडे २०२१ च्या अखेरीला ओएनडीसी हे खुलं व्यापार-जाळं उभं राहिलं, तिथंही दुकानदाराला असाच तपशील ठरावीक साच्यात द्यावा लागतो.

हे ऐकायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात ज्यानं दुकानदारांचे तक्ते पाहिलेत त्याला विचारा. किंमतीच्या रकान्यात आपले लोक काय लिहितात? '१२०/-'. ते शेपूट पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, सुटत नाही. प्रोग्राम तिथंच अडकतो. एकानं वजनात 'पाव' लिहिलं होतं. एकानं देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे एकाच ओळीत वापरले होते. भाजणीचं इंग्रजी स्पेलिंग मी आजवर सहा प्रकारचं पाहिलंय, आणि ग्राहक सातवं टाइप करतो.

आणि वाडा कोलम! वाडा तालुका आपल्या शाळेच्या भूगोलात ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण 'कोलम' म्हणून शोधलं की गावोगावचा कोलम एका रांगेत येतो. 'वाडा' हा शब्द दुकानदारानं नावात लिहिलाय की वर्णनात कुठंतरी खाली, यावर सगळं अवलंबून. आमचं टूल फक्त नावात शोधतं की वर्णनातही, हे लिहून ठेवायला हवं. लिहिलं नाही तर वाड्याचा शेतकरी यादीत दिसत नाही, आणि का दिसत नाही हे त्याला कधीच कळत नाही.

तर आमचं टूल एवढंच करतं. ते दुकानांच्या फीडमधून हवी ती ओळ काढून एआय एजंटच्या हातात देतं.

एजंट म्हटल्यावर माझ्या सासऱ्यांना एलआयसीचा आठवतो, तुम्हालाही आरटीओबाहेरचा आठवला असेल. फार वेगळं नाही. आपल्या वतीनं खेपा घालणारा. फरक इतकाच, की हा प्रोग्राम आहे. तुम्ही त्याला साध्या भाषेत सांगता, 'दिवाळीसाठी दोन किलो चकली भाजणी बघ, कल्याणला घरपोच हवी', आणि तो स्वतः ठरवतो की कुठलं टूल वापरायचं, त्याला काय विचारायचं, आणि आलेल्या उत्तरातून तुम्हाला काय सांगायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीनं एजंट आणि टूल यांना जोडणारी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत जाहीर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआय आणि स्ट्राइप यांनी एजंटमार्फत थेट खरेदी करण्याची पद्धत आणली. म्हणजे हे उद्याचं नाही, सुरू झालेलं आहे.

या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये माझ्या कामाच्या दृष्टीनं एकच गोष्ट महत्त्वाची. प्रत्येक टूलबरोबर त्याचं नाव, त्याला काय काय माहिती द्यायची याचा साचा, आणि साध्या वाक्यांत लिहिलेलं वर्णन जातं. ते वर्णन एजंट वाचतो. आमचा प्रोग्राम आतून कसा चालतो हे त्याला दिसत नाही. त्याच्यासाठी टूल म्हणजे मी लिहिलेली ती वाक्यं.

पूर्वी माझं डॉक नवीन मुलं वाचायची. अर्धं वाचायची, आणि मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "मॅम, हा रकाना रिकामा आला तर काय समजायचं?" मी सांगायचे. डॉकमधलं भोक माझ्या तोंडानं बुजायचं. एजंट टेबलाशी येत नाही. त्याला शंका असली तरी तो मला विचारत नाही. तो पुढं जातो.

आता मी एका मैत्रिणीबद्दल सांगणार आहे. ती आपल्याच बॅचची आहे, या सभागृहातच आहे, आणि 'माझं नाव घेतलंस तर बघ' असं तिनं बजावलंय. म्हणून नाव घेत नाही. मागे वळून शोधू नका.

ती घरातून चटण्या, भाजण्या, मेतकूट, नाचणी सत्त्व असं करून विकते. आधी शेजारीपाजारी, मग व्हॉट्सॲपवर, आता फडके रोडच्या दोन दुकानांतही तिचा माल असतो. आमच्या टूलची चाचणी चालू होती. मला खऱ्या दुकानाचा खरा तक्ता हवा होता, बनवलेला नको होता. तिनं आनंदानं दिला. एका शनिवारी संध्याकाळी ती माझ्या घरी आली, पोहे झाले, चहा झाला, आणि आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. मी म्हटलं, "गिऱ्हाईक तुला फोनवर काय विचारतं ते सांग, तेच आपण एजंटला विचारू."

ती म्हणाली, "दोनच प्रश्न असतात गं. चातुर्मासात, लसूण आहे का. आणि बारा महिने, दाणे आहेत का."

लसणीचं उत्तर बरोबर आलं, कारण तिच्या मालाच्या नावातच लसूण होती. मग मी टाइप केलं, 'मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, डब्यात देता येईल अशी चटणी सुचव.' एजंटनं तिची वडापावची लाल चटणी, २०० ग्रॅमचं पाकीट, पुढे केली. खाली अतिशय अदबीनं लिहिलं होतं, की ही चटणी आपल्यासाठी योग्य आहे, यात शेंगदाणे किंवा इतर कोणतेही ॲलर्जीकारक घटक नाहीत.

मी उत्तर किती छान मराठीत आलंय ते बघत होते. ती बघत होती ते वेगळंच. "अगं, दाणे नाहीत काय? खोबरं महाग झाल्यापासून निम्मे दाणेच असतात त्यात!"

आम्ही दोघी गप्प बसलो. मग तिनं एकच विचारलं. "हे कोणाला दिसतंय आत्ता?"

आत्ता फक्त आम्हा दोघींना दिसत होतं. पण तेच टूल, तेच डॉक, प्रायोगिक म्हणून तीन दुकानांवर दोन आठवडे चालू होतं. त्यातली एक बेकरी होती.

काय झालं होतं ते मला पाच मिनिटांत सापडलं, कारण मीच केलं होतं. तक्त्यात ॲलर्जीकारक घटकांचा एक रकाना आहे. पाकिटबंद खाद्यपदार्थांच्या लेबलवर अशा घटकांचा उल्लेख करावा असा एफएसएसएआयचा २०२० चा नियम आहे. त्यात ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट असे गट आहेत. (तीळ त्यात नाही. अमेरिकेत २०२३ पासून तिळाचाही उल्लेख लागतो. आपण तिळगूळवाले असून आपल्या यादीत तीळ नाही, हे मला तेव्हाच कळलं.) माझ्या मैत्रिणीनं तो रकाना भरलाच नव्हता. का भरला नाही? तर तिला तो शब्द कळला नाही आणि मला फोन करायला संकोच वाटला. टूलनं काय परत दिलं? रिकामी यादी. दोन चौकटी कंस, आत काही नाही. आणि मी डॉकमध्ये त्या रकान्यासमोर काय लिहिलं होतं? मूळ इंग्रजीत आहे, मराठीत सांगते. 'या उत्पादनात असलेल्या ॲलर्जीकारक घटकांची यादी.'

वाक्यात व्याकरणाची चूक नाही. आपल्या मराठीच्या बाईंनीही लाल शाई लावली नसती. पण उत्पादनात जे आहे त्याची यादी जर रिकामी असेल, तर उत्पादनात काही नाही. एजंटनं माझं वाक्य अगदी बरोबर वाचलं होतं.

तुम्हाला पटकन कळावं म्हणून सांगते. हजेरीपट आठवा. एखाद्या दिवसाची उभी ओळ कोरी आहे. त्याचा अर्थ सगळा वर्ग गैरहजर होता असा नाही. त्या दिवशी हजेरी घेतली गेली नाही, एवढाच आहे. शाळेतला शिपाईसुद्धा हे सांगेल, कारण त्याला शाळा माहीत आहे. एजंटला शाळा माहीत नाही. त्याला हजेरीपट दिलाय, आणि मुखपृष्ठावर मी लिहिलंय, 'उपस्थित विद्यार्थ्यांची नोंद.'

रात्री साडेदहाला मी मॅनेजरला फोन केला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे, चांगला मुलगा आहे, मला मॅम म्हणतो. तो म्हणाला, "मॅम, चाचणीच आहे ना. सोमवारी बघू." मी म्हटलं, "टूल सोमवारी बघ. डॉक मी आत्ता बदलते." डॉक बदलायला कुणाची सही लागत नाही. ते हलकं काम समजलं जातं, त्याचा एवढा तरी फायदा.

नवीन मजकूर असा केला: विक्रेत्यानं जाहीर केलेल्या ॲलर्जीकारक घटकांची यादी. यादी रिकामी असल्यास विक्रेत्यानं माहिती दिलेली नाही एवढंच समजावं. घटक नाहीत असं समजू नये व ग्राहकाला तसं सांगू नये. ग्राहकानं विचारल्यास माहिती उपलब्ध नसल्याचं सांगून विक्रेत्याला विचारण्यास सुचवावं.

मग तोच प्रश्न आम्ही शब्द फिरवून फिरवून दहा वेळा विचारला. मैत्रीण घरी जायला तयार नव्हती. नऊ वेळा एजंट म्हणाला, माहिती नाही, विक्रेत्याला विचारा. दहाव्या वेळी म्हणाला, 'बहुधा नसावेत.'

त्या 'बहुधा'वर मी रविवारभर विचार करत होते, आणि मला आपल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही समोर आहात म्हणून सांगतेय असं नाही, खरंच आठवलात. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार भाग असायचे. आम्ही निरीक्षणात लिहायचो, 'कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला.' तुम्ही खोडायचात. "तुला वायूचं नाव दिसलं का? तुला बुडबुडे दिसले आणि चुन्याची निवळी दुधाळ झालेली दिसली. तेवढंच निरीक्षणात लिही. वायूचं नाव अनुमानात." आम्हाला वाटायचं, बाई उगाच छळतात, मार्क तर तेवढेच मिळतात. सोमवारी मीटिंगमध्ये मी हेच सांगायला उभी राहिले. आमचं टूल निरीक्षण आणि अनुमान यांची गल्लत करून देतंय. 'विक्रेत्यानं काही लिहिलं नाही' हे निरीक्षण. 'पदार्थात काही नाही' हे अनुमान. दोन्हींसाठी एकच उत्तर जातंय, दोन रिकामे कंस. मी कितीही चांगलं लिहिलं तरी टूलकडून फरक गेलाच नाही तर एजंट दहातल्या एखाद्या वेळी स्वतःचं भरणार. उत्तराचे तीन प्रकार हवेत. आहे, नाही, आणि सांगितलेलं नाही.

मॅनेजर म्हणाला, "पण रिकामं म्हणजे रिकामंच ना, मॅम?"

इथं मी जरा गप्प झाले, ते का ते तुम्हाला सांगते, त्याला सांगितलं नाही. माझ्या बायोडेटात २०१३ ते २०१८ हा रकाना रिकामा आहे. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. सासूबाईंना पुन्हा चमचा धरता येईपर्यंत सव्वा वर्ष गेलं. पुढे त्या गेल्या, मुलगी शाळेत गेली आणि मी नोकरी शोधू लागले. सात-आठ ठिकाणी अर्ज केले. बहुतेकांनी बोलावलंच नाही. एका मुलाखतीत समोरच्यानं बायोडेटावर पेन टेकवून विचारलं, "म्हणजे पाच वर्षं काहीच नाही?" मी हो म्हटलं. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. सध्याच्या कंपनीनं घेतलं ते 'सुरुवातीला डॉक लिहा, हलकं असतं' असं म्हणून. मी ते हलकं काम म्हणूनच धरलं होतं, आणि मुलाखतीतला तो पेन विसरले नव्हते.

तर त्या मीटिंगमध्ये मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिले. बदल मंजूर व्हायला सहा आठवडे लागले. जुन्या तीन दुकानांचे तक्ते फिरवून घ्यावे लागले. बेकरीवाल्यांनी सुदैवानं रकाना नीट भरलेला होता.

दरम्यान एकानं सुचवलं, की डॉक माणसानं लिहायचंच कशाला, एआयकडून लिहून घेऊ. मी म्हटलं, घेऊ या. आमचा सगळा प्रोग्राम त्याला दिला. त्यानं दोन मिनिटांत चाळीस पानं लिहिली, माझ्याहून सुबक इंग्रजीत. मी सरळ त्या रकान्यावर गेले. तिथं लिहिलं होतं, 'या उत्पादनात असलेल्या ॲलर्जीकारक घटकांची यादी.' माझंच जुनं वाक्य, शब्दाशब्दानं. त्याचा दोष नाही. रकान्याचं नाव तेच सांगतं. तो रकाना रिकामा का राहतो, हे प्रोग्राममध्ये कुठंच लिहिलेलं नाही. ते डोंबिवलीतल्या एका स्वयंपाकघरात घडतं, जिथं एक बाई रात्री अकराला, गॅस पुसून झाल्यावर, मोबाइलवर तक्ता भरते आणि न कळलेला शब्द सोडून पुढं जाते.

बाकीची पानं मात्र आम्ही ठेवली, आणि मी ती तपासते. बरीच चांगली आहेत. उगाच अहंकार कशाला? पण प्रत्येक रकान्याला मी आता तीन प्रश्न विचारते: हे कोण भरतं, कशावरून भरतं, आणि भरलं नाही तर कशामुळे. या प्रश्नांची उत्तरं फोन करून मिळवावी लागतात.

बारकोडचंही तसंच निघालं. आपल्या बॅचच्या ग्रुपवर दर दिवाळीला एक मेसेज फिरतो, की बारकोड ८९० नं सुरू झाला तर माल भारतीय, घ्या. चुकीचा आहे तो, आणि पाठवणारा इथं हसतोय. ८९० चा अर्थ तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला आहे, इतकाच. माल कुठं बनला हे त्यातून कळत नाही. आमच्या टूलमध्ये तो क्रमांक जातो, आणि एका चाचणीत एजंटनंही अगदी आपल्या ग्रुपसारखंच अनुमान काढलं. कुठं वाचलं असेल कुणास ठाऊक! आता त्या रकान्यासमोर डॉकमध्ये एक वाक्य वाढलंय. मूळ देशासाठी वेगळा रकाना पाहावा, बारकोडवरून ठरवू नये. असली एकेक ओळ हे माझं महिन्याचं काम. वार्षिक मूल्यमापनात ती दाखवायची कशी, हा निराळा प्रश्न आहे. न घडलेल्या चुकांना रकाना नसतो.

मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. सहा आठवड्यांनी नवीन तक्ता घेऊन मी तिच्या घरी गेले. तिनं सगळे डबे ओट्यावर मांडून ठेवले होते, प्रत्येकावर चिठ्ठी. आम्ही एकेक भरत गेलो. लाल चटणी, दाणे आहेत, तीळ आहेत. मेतकुटात गहू असतो, म्हणजे ग्लुटेन. उपवास भाजणी, काही नाही. "थांब," ती म्हणाली. "काही नाही कसं? साबुदाणा, वरी, राजगिरा मी त्याच कढईत भाजते, ज्यात दाणे भाजते. आणि दळायलाही तोच मिक्सर." मग तिनं मेतकुटाचा डबा परत पुढं ओढला. नाचणी सत्त्वाचाही. दोन तासांत बावीसपैकी चौदा पदार्थांपुढची उत्तरं बदलली. त्यातलं एकही मी तिला विचारलं नव्हतं. रकाना तीन प्रकारांचा झाल्यावर तीच थांबून विचार करायला लागली.

शेवटी तिनं पेन खाली ठेवून विचारलं, "हे 'त्याच कढईत भाजलंय' कुठल्या रकान्यात लिहू?"

तसा रकाना नव्हता. आहे, नाही आणि सांगितलेलं नाही हे तीन प्रकार मंजूर करून घेण्यात मी सहा आठवडे घालवले होते, आणि तिच्या ओट्यावर चौथा निघाला. दुसऱ्या दिवशी मी तो मॅनेजरला सांगितला. त्यानं कपाळाला हात लावला आणि लिहून घेतला. अजून झालेला नाही. तोवर ते वर्णनाच्या रकान्यात पहिल्या ओळीत लिहायचं ठरलंय, आणि डॉकमध्ये मी एजंटला सांगून ठेवलंय, की खाण्याच्या वस्तूबद्दल बोलण्याआधी वर्णनाची पहिली ओळ वाच. तिनं दाण्यांसाठी वेगळी कढई आणि मिक्सरचं वेगळं भांडंही घेतलंय. भांडं आलं, कढई अजून तापायची आहे म्हणते.

संगणक कक्षात चपला बाहेर काढून आपण लोगोचं कासव चालवायचो, आठवतं? 'एफडी १००, आरटी ९०' लिहिलं की ते बिचारं तेवढंच चालायचं, भिंत आली तरी. आताचं कासव पुष्कळ शहाणं आहे, भिंतीला वळसा घालतं. कुठल्या बाजूनं वळलं हे सांगत नाही, एवढीच पंचाईत.

माझी वीस मिनिटं झाली, सर घड्याळ बघतायत. जेवणाआधी एक सूचना संयोजकांनी माझ्याकडून द्यायला सांगितली आहे. बाहेर मंडपात बटाटेवडे आहेत. त्याच्याबरोबर जी लाल चटणी ठेवली आहे ती आपल्याच बॅचमधून आली आहे. त्यात शेंगदाणे आहेत आणि तीळ आहेत. हिरवी चटणी केटररची आहे, तिच्यात काय आहे ते मी विचारलं, आचारी म्हणाला विचारून सांगतो, अजून सांगितलेलं नाही. आपल्यापैकी कुणाला, किंवा बरोबर आणलेल्या मुलांपैकी कुणाला ॲलर्जी असेल तर हिरवी चटणी घेण्याआधी मला भेटा, मी दारातच उभी आहे.